तीन टॉवेलांखालची घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे; टेबलावर ठेवायची आणि डोक्यावरची कळ दाबली की 'टिंग' करणारी. वय वर्षं बत्तीस. एवढ्या वयात माणूस शांत होतो म्हणतात. मी अजून हादरलेलीच आहे. का, ते पहिल्यापासून सांगते, कारण मध्येच ऐकलंत तर तुम्ही म्हणाल, ही घंटी थापा मारते.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने घडवलं. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो प्रत्येक घंटीची कड दातांत धरायचा आणि कळ दाबायचा. आवाज दातांतून थेट डोक्यात जायचा म्हणे. म्हणजे बघा, माझा पहिला परिचय झाला तोच माणसाच्या दातांशी. त्याने मला तीनदा दातांत धरलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "हिचा आवाज ऐकून माणूस ताडकन उठला नाही, तर मिशी उतरवीन."

त्याची मिशी शेवटपर्यंत शाबूत राहिली असणार. कारण तिथून मी गेले ती दातांच्या दवाखान्यात.

बाहेरच्या खोलीत अकरा खुर्च्या होत्या, शब्दकोडी आधीच सोडवून ठेवलेली मासिकं होती आणि काचेच्या पेटीत एक केशरी मासा होता. टेबलाशी एक बाई बसत. त्या कुणाच्या आत्या आहेत हे मला फार पुढे कळलं, पण मी आतापासूनच त्यांना आत्या म्हणते. उगाच दोन-दोन नावं कशाला? आतल्या खोलीतून डॉक्टरांनी "पुढचा!" म्हटलं की आत्या माझी कळ दाबत. टिंग! की समोरच्या रांगेतला एक जण ताडकन उभा राहायचा.

मला वाटे, हा मान आहे.

सांगायला लाज वाटते, पण तीस वर्षं मी याच भ्रमात होते. टिंग झालं की लोक गालाला हात लावत. मला वाटे, कौतुकाने लावतात. कुणाच्या कपाळावर घाम येई. मला वाटे, भारावले. एकदा एक पैलवान माझा आवाज ऐकताच उठला, दाराकडे न जाता खिडकीकडे गेला आणि खिडकीतून बाहेर पडला. तळमजला होता, काही झालं नाही. मी मनात म्हटलं, काय हा उत्साह!

माझ्यावर खरं प्रेम त्या खोलीत एकाच जिवाचं होतं, आणि तो मासा होता. सकाळी दवाखाना उघडला की आत्या मी नीट वाजते का बघायला एकदा टिंग करत आणि लगेच माशाला दाणे टाकत. त्यामुळे दिवसभर केव्हाही मी वाजले, की मासा तोंड उघडून वर येई. खोलीतली माणसं तोंडं घट्ट मिटत आणि मासा तेवढा उघडे. हे मी रोज बघत होते. पण बघणं वेगळं आणि कळणं वेगळं.

मग एक दिवस भिंतीवर यंत्र लागलं. त्यावर लाल आकडे उमटत. माझं काम संपलं. मला खणात टाकलं, गंजलेल्या टाचण्या आणि कुणाच्यातरी कवळीच्या शेजारी. कवळीशी बोलायचा प्रयत्न केला. तिला तोंड होतं, पण विषय नव्हता. वर्षभराने आत्यांनी खण आवरला आणि म्हणाल्या, "चांगली घंटी आहे, टाकवत नाही. धाकट्याच्या बेकरीत उपयोगी पडेल."

आत्यांचा धाकटा भाऊ म्हणजे आमच्या भागातला बेकरीवाला. खाली दुकान आणि भट्टी, वर घर. घरात तो आणि त्याची आठ वर्षांची मुलगी. तिला सगळे खारूताई म्हणत. कारण काहीही खाताना ती सगळा घास डाव्या गालात ठेवी आणि तो गाल टुम्म फुगे. बेकरीवाल्याला वाटे, लाडिक सवय आहे. सगळ्यांनाच तसं वाटे.

बेकरीवाल्याची योजना साधी होती. भट्टीतून ताज्या पावाचा ट्रे निघाला की घंटी वाजवायची, म्हणजे लोकांची झुंबड उडेल.

पहिल्या सकाळी दुकानात सात गिऱ्हाइकं होती. ट्रे निघाला. पावाचा असा वास सुटला की दगडालाही भूक लागावी. बेकरीवाल्याने हसतमुखाने कळ दाबली.

टिंग!

सातही जणांचे हात एकदम गालावर गेले. एक बाई "माझं काल झालंय" म्हणत उलट्या पावली बाहेर गेल्या. निवृत्त हेडमास्तर अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "माझा नंबर यांच्यानंतर घ्या," आणि 'यांच्या'कडे बोट दाखवलं, तर तिथे कुणी नव्हतं, कारण 'हे' केव्हाच पसार झाले होते. पैलवान आला होता. तो खिडकीतून गेला. वेगळी खिडकी, तोच पैलवान. मित्रांनो, आमच्या भागात दातांचा दवाखाना एकच होता, आणि त्या दुकानात माझ्यासमोर कधी ना कधी बसला नव्हता असा एकही जबडा नव्हता.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मला पाय नाहीत, तरी सरकली. तीस वर्षांचा तो मान, ते कौतुक, तो घाम, सगळं एका क्षणात उलगडलं.

आणि मग मी टेबलाखाली बघितलं. पिठाच्या दोन पोत्यांच्या मधे खारूताई बसली होती. खांदे कानांपर्यंत वर, डोळे मिटलेले, आणि दोन्ही हात उजव्या गालावर. डाव्या नव्हे.

संध्याकाळी आत्या आल्या. बेकरीवाल्याने शंभर पाव तसेच पुढ्यात मांडून ठेवले होते.

"ताई, तू मला घंटी दिलीस की शाप?"

"अरे, मला काय ठाऊक! तीस वर्षं मी तिच्या मागच्या बाजूला बसले. पुढच्या बाजूला काय होतं ते बसणाऱ्यालाच माहीत."

"आणि आपली पोरगी सकाळपासून पोत्यांतून बाहेर येत नाहीये. हिचं काय?"

आत्या पोत्यांपाशी खाली बसल्या.  मग खिशातला छोटा टॉर्च काढून म्हणाल्या, "खारूताई, मला फक्त बघू दे. मी डॉक्टर नाही. माझ्याकडे सुई नाही. हे बघ, दोन्ही हात रिकामे." टॉर्च त्यांनी दातांत धरला होता, त्यामुळे हे सगळं 'हॉऊ हॉऊ' असं ऐकू आलं. पोरगी हसली. हसताना तोंड उघडलं आणि आत्यांनी बघितलं. उजवीकडची मागची दाढ काळी पडली होती.

आता कारण ऐका. तीन वर्षांपूर्वी, पोरगी पाच वर्षांची असताना, बेकरीवाल्याने तिला "चल, फुगा घेऊ" म्हणून दवाखान्यात आणलं होतं. टिंग झालं, आत नेलं, सुई टोचली, दुधाचा दात काढला. फुगा राहूनच गेला. एकदाच घडलं, पण भीती शिकायला एकदाच पुरतं. पाढे शंभरदा म्हणावे लागतात. तेव्हापासून ती दुखणं लपवायला शिकली, आणि ही दाढ दुखायला लागल्यापासून एका गालाने जेवत होती.

दुसऱ्या दिवशी आत्या डॉक्टरांचं उत्तर घेऊन आल्या. "ही दाढ दुधाची नाही. गेली तर परत येणार नाही. कीड अजून खोल पोचली नसावी असं म्हणतात. पंधरा दिवसांत आणलंत तर भरून देतो, वाचेल. उशीर झाला तर काढावी लागेल."

"उचलून नेतो," बेकरीवाला म्हणाला.

"नेशील. तोंड कसं उघडशील? ते काय पावाचं पाकीट आहे?"

त्याने समोरचं एक पाकीट उचललं आणि परत ठेवलं.  कुणी दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही, हे माझं नशीब. नाहीतर मी त्या क्षणी म्हणाले असते, मला विहिरीत टाका.

पण आत्यांच्या मनात मासा पोहत होता.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "खोली एक, टिंग एकच. मासा वर येतो आणि माणसं खिडकीतून जातात. का?"

"माशाला दात नाहीत," बेकरीवाला म्हणाला.

"माशाला टिंगनंतर दाणे मिळतात, शहाण्या! माणसांना टिंगनंतर सुई मिळाली. घंटीत काही नाही. घंटीनंतर काय येतं, त्यावर सगळं आहे. तू टिंग कर आणि लगेच बिस्किट दे. रोज. गिऱ्हाइकांचंही औषध तेच आणि पोरीचंही तेच."

बेकरीवाला मनाने फार चांगला माणूस आहे. फक्त ऐकतो अर्धं. त्याने ठरवलं, आधी पाहुणचार, मग घंटी. लोकांना बरं वाटेल. म्हणून तो आधी प्रत्येकाच्या हातात बिस्किट देई, गोड हसे आणि मग टिंग करे. चार दिवस त्याने हे इमानेइतबारे केलं.

पाचव्या दिवशी लोक बिस्किटाला घाबरायला लागले.

मी डोळ्यांनी बघितलं. (डोळ्यांचा प्रश्न काढू नका.) बशी पुढे केली की गिऱ्हाइकांच्या तोंडचं पाणी पळे. बिस्किट आलं म्हणजे आता टिंग येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. हेडमास्तर बशी बघून दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "नको, मी परवाच भरून घेतलंय." पैलवानाने तर बेकरीसमोरून जाणं सोडलं. पलीकडच्या दुकानात एक निष्पाप माणूस बिस्किटं विकत होता, त्याचाही खप बसला.

आत्यांनी कपाळावर हात मारला. "गाढवा, आधी टिंग! मग बिस्किट! मासा दाणे खाऊन झाल्यावर घंटी ऐकायला वर येतो का कधी?"

पंधरातले पाच दिवस गेले होते.

दुकानात आता क्रम बरोबर लागला. टिंग, आणि एक-दोन म्हणेपर्यंत हातात ऊन ऊन बिस्किट. आधी लोक गालावर हात ठेवूनच खात. मग हात हळूहळू खाली आले. पण खारूताईसाठी एवढं पुरेसं नव्हतं. माझा उघडा आवाज ऐकला की ती घास घेण्याआधीच पोत्यांत जाई. म्हणून आत्यांनी मला उचललं, मागच्या कोठीत नेलं, माझ्यावर एकावर एक तीन टॉवेल टाकले, कळ दाबायला भावाला आत बसवलं, दार लावलं आणि स्वतः वर गेल्या.

आयुष्यात पहिल्यांदा मी 'टिंग' म्हटलं आणि बाहेर 'डुक' आलं. एखाद्या उशीला उचकी लागावी तसं. वर स्वयंपाकघरात खारूताईने तो 'डुक' ऐकला, खांदे जरासे उचलले, आणि तेवढ्यात आत्यांनी तिच्या डाव्या गालात मऊ केकचा तुकडा ठेवला. बस. त्या दिवशीचं शिक्षण संपलं.

दुसऱ्या दिवशी दार उघडं. मग दोन टॉवेल. खांदे वर गेले की आत्या काही न बोलता एक टॉवेल परत टाकत. रागावणं नाही, 'एवढं काय त्यात' नाही. मी टॉवेलांखाली घामाघूम व्हायचे, पण तक्रार करावीशी वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यासाठी कुणीतरी हळू चाललं होतं.

दहाव्या दिवशी बेकरीवाल्याचा धीर सुटला. "असं तर म्हातारी होईल ही!" म्हणत त्याने मला उघडंबागडं केलं, वर आणलं आणि तिच्या कानाशी वाजवलं. खारूताई तास दीड तास कपाटात बसली. आत्यांनी भावाकडे बघितलं आणि तीनही टॉवेल परत माझ्यावर घातले. वर एक चादर. त्या बघण्याने मी पितळेची असून मला गार वाटलं.

पण एकदा शिकलेली वाट दुसऱ्यांदा लवकर सापडते. तेराव्या दिवशी सगळी पांघरुणं गेली. मी उघडी, टेबलावर, तिच्यासमोर. आत्यांनी कळ दाबली नाही. खारूताईने स्वतःच बोट पुढे केलं. टिंग. खांदे जागच्या जागी. आणि मग ती चक्क म्हणाली, "आत्या, केक?"

चौदाव्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. आम्ही म्हणजे आत्या, बेकरीवाला, खारूताई आणि तिच्या मांडीवर मी. मासा तिथेच होता. आत नेताना मी चुकून वाजले, तर तो तोंड उघडून वर आला. वर्षभरानंतर! मला भरून आलं.

"ही अजून जिवंत आहे?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"डॉक्टरकाका, ही मी वाजवली की तुम्ही थांबायचं. दोन्ही हात वर करायचे," खारूताई म्हणाली. आत्यांनी शिकवलं होतं.

"आणि मी वाजवली तर?"

"तुम्ही वाजवायचीच नाही."

डॉक्टरांनी मान्य केलं. तिने आधी तपासून घेतलं. टिंग, हात वर. टिंग, हात वर. सहा वेळा. सातव्यांदा तिने तोंड उघडलं. एवढं मोठं, की दाढेच्या मागचाही भाग दिसावा. टिंगमुळे तोंडाला असं पाणी सुटलं होतं, की डॉक्टरांना ते ओढून घेणारी नळी दोनदा लावावी लागली. इतक्या वर्षांत माझ्या आवाजाने या खोलीत कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं नव्हतं.

सगळं छान चाललं होतं. डॉक्टरांचं बोट दाढेपाशी होतं. तेवढ्यात बाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या बेकरीवाल्याला राहवलं नाही. त्याने दारातून डोकं आत घातलं आणि तिला धीर द्यायला तिचं नाव घेतलं. खारूताई नव्हे. शाळेतलं नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव. अख्खंच्या अख्खं, एका दमात, खड्या आवाजात.

खटकन तोंड मिटलं. डॉक्टरांचं बोट आत होतं.

ते असे ओरडले की बाहेरचे तीन पेशंट घरी निघून गेले.

पण मित्रांनो, मला धक्का बसला तो त्यामुळे नाही. मी त्या क्षणी वाजलेच नव्हते. मी तिच्या मांडीवर गप्प होते. तरी तिचे खांदे कानांपर्यंत गेले होते. ते खांदे मी ओळखले. पोत्यांच्या मधे बघितलेले, माझ्यामुळे वर जाणारे, तेच ते खांदे. कळ दाबायची गरजच नव्हती. एक घंटी त्या घरात आधीपासून होती.

"अगं, मी फक्त घाबरू नकोस म्हणणार होतो," बेकरीवाला पुटपुटला.

"मग तेवढंच म्हणायचं ना," खारूताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझं सगळं नाव कशाला घेतलंत, बाबा? मी काहीच केलं नव्हतं."

डॉक्टर बोट धरून उभे होते. 

आत्यांनी हळूच विचारलं, "ते अख्खं नाव तू चांगल्या गोष्टीसाठी शेवटचं कधी घेतलं होतंस रे?"

बेकरीवाल्याने आठवायला सुरुवात केली. सांडलेलं दूध, हरवलेली छत्री, गणिताचा पेपर, फुटलेली बरणी. त्याचा चेहरा उतरत गेला. "जन्मली त्या दिवशी," तो शेवटी म्हणाला. "इस्पितळातल्या बाईंना लिहून देताना. दोनदा म्हणून बघितलं होतं मी. फार आवडलं होतं."

त्याच्याकडे बघवेना. मी त्या चेहऱ्याला बरोबर ओळखत होते. बेकरीतल्या पहिल्या सकाळी मला चेहरा असता, तर तो असाच दिसला असता.

"बाहेर बस," आत्या म्हणाल्या. "दार लाव. तिथून म्हण, हळू. आणि त्यानंतर काही मागू नकोस, काही विचारू नकोस."

दार लागलं. माझ्यावर टॉवेल होते, त्याच्यावर दार आलं. थोड्या वेळाने पलीकडून ते अख्खं नाव आलं, अगदी दबक्या आवाजात. मला 'डुक'ची आठवण झाली. खांदे वर गेले. पण मागोमाग फक्त "मी इथेच आहे" एवढंच आलं, आणि मग काहीच नाही. काही वेळाने पुन्हा नाव. खांदे अर्धेच गेले. तिने तोंड उघडलं. डॉक्टरांनी बोटाला पट्टी बांधून काम पुढे चालू केलं. एकतीस वेळा मी वाजले, एकतीस वेळा डॉक्टरांनी हात वर केले. कीड खोल पोचली नव्हती. दाढ भरली. दाढ वाचली.

आता मी बेकरीतच असते. कळ जरा सैल झाली आहे. कधी टिंगऐवजी 'टक' येतं. तरी लोक वळून बघतात आणि हात पुढे करतात. पैलवान दारातून येतो. फक्त डॉक्टरांचं बिनसलं. परवा ते पाव घ्यायला आले, ट्रे निघाला, टिंग झालं, आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. पाव खाली. हेडमास्तरांनाही वाटलं, आपण मागे राहायला नको, त्यांनीही केले.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, तेल घाला, असं मी म्हणणार नाही. घातलंत तर उपकार होतील. पण मी सांगते ते एवढंच, की तुम्ही लहान आहात तोवर तुम्हाला मारलेल्या हाकेमागून काय येतं ते तुम्ही बघता, आणि मोठे झालात की तुमच्या हाकेमागून काय येतं ते दुसरं कुणीतरी बघत असतं. घाबरलेल्याला हसू नका. टॉवेल घाला, आणि एकेक करून काढा.

काल दुपारी बेकरीवाल्याने भट्टीपाशी उभं राहून वर बघितलं आणि तिचं अख्खं नाव घेतलं. जिन्यावर पावलं थांबली. मी श्वास रोखला. मग पावलं धडधडत खाली आली.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. आवडतं म्हणून म्हटलं."

ती तिथेच उभी राहिली, तोंडातलं चावत. दोन्ही गाल फुगलेले होते. उजवासुद्धा.